पुलावरच्या मिस्त्रीची पेनी

“इकायची नाई, भाऊ. निस्तं वाचून सांगा.”

बाईने नाणं माझ्या फडक्यावर ठेवलं, पण त्यावरचं बोट काही उचललं नाही. अकोल्याचा बाजाराचा दिवस होता. मी ओळखीच्या एका सोनाराच्या ओट्यावर बसलो होतो. बोटाच्या कडेने जेवढं दिसलं तेवढ्यावरून मी नाणं ओळखलं. तिसऱ्या जॉर्ज राजाची तांब्याची पेनी. जाड, चांगल्या रुंद काठाची. ती पाडतानाच बरोबर एक औंस वजनाची पाडलेली असते. म्हणून आमच्याकडचे वाणी ती तराजूत वजन म्हणून टाकत.

माझं काम पारखीचं. अमरावतीला कापूस घेणाऱ्या एका गोऱ्या एजंटाच्या ऑफिसात मी नोकरीला होतो. अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाणं बंद झालं आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. बाजारात निजामाचा रुपया चाले, कंपनीचा चाले, राणीचा नवाही चाले. त्यातला खरा कोणता, खोटा कोणता, हे आवाजावरून आणि बोटाने सांगायचं, यासाठी मला पगार होता.

एजंटाचं नाव वॉर्ड साहेब. चाळिशीचा, एकटाच राहणारा. त्याला जुनी विलायती नाणी जमवायचा नाद होता. रेल्वेच्या कामावरचे गोरे आणि पलटणीचे शिपाई यांच्या खिशातून ती नाणी इकडे यायची, आणि मग सोनाराच्या डब्यात नाहीतर बायकांच्या गळ्यात जायची. हंगाम उतरला की साहेब मला अकोट, अंजनगाव, बाळापूर, अकोला असा फिरवायचा. “कलेक्शनसाठी काही मिळतं का बघ, सराफ,” म्हणायचा. मी सराफ नव्हे, पण त्याने ठेवलेलं नाव चिकटलं.

नाणं जमवणं सोपं, त्याचा ग्रेड ठरवणं अवघड. साहेबाचे तीन ग्रेड होते: फाइन, फेअर आणि पुअर. आधी राजाचा गाल आणि केस पाहायचे. तो भाग सगळ्यात उंच, म्हणून तोच आधी झिजतो. केसांच्या बटा वेगळ्या दिसल्या तर फाइन. नुसता चेहरा ओळखू आला तर फेअर. मग काठ पाहायचा, कुणी ठोकलाय का, भोक पाडलंय का. आणि शेवटी रंग. आमच्याकडे सणासुदीला तांबं चिंचेने घासायची रीत. घासलेली पेनी उन्हात लखलख करते आणि साहेब ती खिडकीबाहेर फेकतो. जुन्या तांब्याचा मूळचा चॉकलेटी रंग एकदा गेला की परत येत नाही.

बाईने शेवटी बोट उचललं. राजाचा चेहरा नव्हताच. ती बाजू कुणीतरी कानशीने घासून सपाट केली होती आणि सुईसारख्या हत्याराने वर बारीक अक्षरं कोरली होती. ग्रेडच्या हिशेबाने पुअर. पुअरच्याही खाली काही असतं तर ते.

“बाई, मला नाण्यावरची छापील अक्षरं कळतात. ही हाताची आहेत. माझ्या साहेबाला दाखवावी लागतील. नाणं घेऊन जाऊ?”

“नाई. ते मी देनार नाई.”

मग मी नाण्यावर पातळ कागद धरला आणि वरून कोळसा घासला. कोरलेली अक्षरं काळ्यावर पांढरी उमटली. बाई वाकून पाहत राहिली.

“हे असंच्या असं उमटते?”

“असंच्या असं.”

“मंग मलेबी एक कागद द्या.”

मी दिला. तिने तो पदराच्या टोकाला बांधला. नाव सगुणा. मोर्णा नदीवर रेल्वेचा पूल बांधत होते तेव्हा टोपल्या वाहायला जायची. पुढे तिथल्याच एका गोऱ्या मिस्त्रीबरोबर राहिली. भावाने तेव्हापासून तिला उंबरा चढू दिला नव्हता. हे सगळं मला नंतर सोनाराने सांगितलं. नाणं त्या मिस्त्रीचंच होतं. मिस्त्री आता कुठे आहे ते सोनाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुलाचं काम संपल्यावर गोरे पुढे निघून जातात, हे सगळ्यांना माहीत होतं.

अमरावतीला आल्यावर कागद साहेबापुढे ठेवला. आम्ही हिंदुस्थानीत बोलायचो, इथे मराठीत सांगतो. साहेबाने कागद खिडकीपाशी नेला.

“अ‍ॅनकडून टॉमसला,” त्याने वाचलं. “परत येईपर्यंत. आणि खाली गावाचं नाव आहे.”

“अ‍ॅन म्हणजे?”

“बाईचं नाव. बायको असेल, नाहीतर होणारी.” मग म्हणाला, “हे गाव मला ठाऊक आहे. माझ्या आईच्या माहेराहून चालत जाता येतं. सराफ, हे नाणं मला पाहिजे.”

“साहेब, ते पुअर आहे.”

“मला शिकवू नकोस. बाई मागेल ते दे.”

पुढच्या खेपेला अकोल्याला जाताना मला बैलगाडीत धड बसवेना. मूर्तिजापूरच्या मुक्कामातही तोच विचार. एक बाई आपल्या माणसाची वाट पाहत बसली आहे आणि त्याने दिलेल्या नाण्यावर भलत्याच बाईचं नाव निघालं. हे सांगायचं कसं? खोट्या नाण्याला खरं म्हणायची मला सवय नव्हती. तरी वाटेत मी चार निरनिराळी खोटी वाक्यं जुळवली.

सगुणाचं घर पुलाच्या अलीकडे होतं. कुडाचं, पण सारवलेलं. मी दाराशी बसलो आणि सुरुवात केली, “बाई, त्यावर देवाचं नाव आहे...”

“आन लिवलं हाये ना?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“लिवलं हाये, मले ठाऊक हाये. तापात तेच घोकून राहिला होता. आन, आन. पटकी लागली त्याले. तीन दिवसांत गेला. आता साल होऊन गेलं.” तिने नदीच्या अंगाला हात केला. “थ्या बाभयीखाली पुरला. मी अन दोन बेलदार. दुसरं कोनी नवतं.”

“मग तुम्हाला काय वाचून घ्यायचं होतं?”

“गाव पाह्यजे होतं, भाऊ. आनचं गाव. ते बाई तिकडं वाट पाहून राहिली असन. रोज पाहत असन. मले निदान मालूम हाये का तो मेला. तिले कोन सांगनार?”

मी साहेबाच्या मागणीचा शब्दही काढला नाही. गावाचं नाव आहे, पत्र जाऊ शकेल, एवढंच सांगितलं.

तिने आत जाऊन पेनी आणली. या वेळी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवून दिली.

“हे तिचं हाये. चिठ्ठीसंगं धाडून द्या. तुमच्या हातानं डाकेत टाका.”

“तुमच्यापाशी मग त्याचं काय राहील?”

“कागद हाये ना,” ती म्हणाली. पण मी रस्त्याला लागल्यावर मागे वळून पाहिलं, तेव्हा ती दारातच उभी होती आणि माझ्याकडे नाही, माझ्या खिशाकडे पाहत होती.

इथे माझी चूक झाली. मला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. म्हणून पेनी मी साहेबाला दिली आणि सगळी हकिकत सांगितली. त्याने ऐकून घेतलं. “या मेल-बोटीने पत्र जाईल,” म्हणाला. मी निश्चिंत झालो. अकोल्याला जाऊन सगुणालाही तसंच सांगितलं. त्यानंतर मी दिसलो की ती विचारायची, “आलं का जी काही?” मी म्हणायचो, “जहाजाने जातं, बाई. वेळ लागतो.”

मग अमेरिकेतली लढाई संपली. तारेने बातमी आली आणि कापूस धाडकन कोसळला. गठ्ठे आवारात पडून राहिले. काही महिन्यांतच ऑफिस बंद करायचा हुकूम आला. साहेब मुंबईला जाणार होता. कलेक्शन पॅक करायचं काम माझ्याकडे आलं.

देवदारी पेटी होती, तिला पातळ कप्पे. एकेक नाणं कापसात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवत होतो. सगळ्यात खालच्या कप्प्यात ती पेनी निघाली. वर साहेबाच्या हातची चिठ्ठी होती. ग्रेड लिहिला नव्हता. गावाचं नाव तेवढं लिहिलं होतं.

मी पेनी घेऊन त्याच्या खोलीत गेलो आणि टेबलावर ठेवली.

“पत्राबरोबर जायचं होतं हे, साहेब.”

“टपालात हरवलं असतं.”

“पत्र गेलं का?”

तो कागद चाळत राहिला. मी पुन्हा विचारलं.

“लिहायला बसलो होतो,” तो म्हणाला. “दोनदा बसलो. सराफ, मी तेरा वर्षांत घरी गेलो नाही. आई गेली, ते मला पाच महिन्यांनी कळलं. त्या गावच्या माणसाच्या हातचं काही या मुलखात माझ्याजवळ असावं...” त्याने वाक्य सोडून दिलं. मग सूर बदलून म्हणाला, “तुला सर्टिफिकेट पाहिजे ना? उद्या ये.”

त्याचा अर्थ मला कळला. नोकरी चालली होती. गोऱ्याच्या सर्टिफिकेटशिवाय दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. घरी चार तोंडं होती. आणि खरं सांगतो, त्या घडीला मला साहेबाची कीवही आली. तो चोर नव्हता. त्याला कुठेतरी परत जायचं होतं आणि तिथे आता कुणी नव्हतं.

“सर्टिफिकेट उद्या द्या, साहेब,” मी म्हणालो. “पत्र आज लिहा. मी थांबतो.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर पेनी परत नेतो. त्या बाईला सांगतो, की दीड वर्ष मी खोटं बोललो.”

मग त्याने दौत ओढली. माझ्याकडे पाठ करून लिहायला बसला. चांगले दोन कागद भरले. पेनी फलालीनच्या तुकड्यात गुंडाळली, पाकिटात घातली, लाख लावली. गावच्या पाद्रीच्या नावे पत्ता घातला. उत्तर अकोला स्टेशनच्या तारमास्तरकडे मागवलं, कारण साहेब इथे राहणार नव्हता. मी पाकीट घेऊन चालत पोस्टात गेलो आणि पावती घेईपर्यंत खिडकीपासून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं. दोन ओळी. काम चोख, स्वभाव हट्टी. त्यावर मला पुढे सरकारी खजिन्यात पारख्याची जागा मिळाली. तिथल्या साहेबाला म्हणे हट्टीच पाहिजे होता.

सगुणाला मी सगळं खरं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, “दीड साल अजून वाट पाह्यली थ्या बाईनं.” बस, एवढंच. यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

उत्तर यायला वर्ष गेलं. तारमास्तर पारशी गृहस्थ होता, वयस्कर, इंग्रजी पक्कं. त्याने सांगावा धाडला आणि मी सगुणाला घेऊन स्टेशनवर गेलो. दुपारची वेळ होती, गाडी यायला अवकाश होता. सगुणा बाकावर बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तरने पत्र वाचलं आणि हिंदुस्थानीत सांगितलं.

अ‍ॅन त्याची बायको होती. पत्र तिने पाद्रीकडून लिहवून घेतलं होतं. पेनी पोचली. टॉमसला माती कुणी दिली ते कळलं. त्या बाईचे उपकार मानते, असं लिहिलं होतं. दुसरं लग्न केलेलं नव्हतं. शेवटी एकच विचारलं होतं, जाताना तो काही बोलला का.

“बोलला,” सगुणा लगेच म्हणाली. “पन मले समजलं नाई. त्याच्या बोलीत बोलला. दोनदा बोलला अन मंग गेला. मी ध्यानात ठेवलं हाये. मले वाटते देवाचं काही असन.”

“काय बोलला?” मास्तरने विचारलं.

तिने डोळे मिटले. “शाडगेटान,” ती म्हणाली.

मास्तरला कळेना. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. ती तसंच म्हणाली, तोच चढ, तोच उतार. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मास्तरने चष्मा काढला.

“शट द गेट, अ‍ॅन,” तो हळू म्हणाला.

“म्हंजे काय जी?”

“फाटक लाव, अ‍ॅन. अंगणाचं फाटक असतं ना, ते लावून घे म्हणाला.”

मला वाटलं, झालं. चार वर्षं बाईने जे मंत्रासारखं जपलं ते हे निघालं. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. पण ती रडत नव्हती. भिंतीशी उभी राहून मान हलवत होती.

“मंग पोचला होता तो,” ती म्हणाली. “घरी पोचला होता, भाऊ. अंगनात शिरला होता. लिवा जी मास्तर, लिवा तिले. तो घरी आला होता म्हना.”

मास्तरने तसंच लिहिलं. मग सगुणा एकटीच रुळाच्या कडेने पुलाकडे गेली. मी काही तिच्याबरोबर गेलो नाही.

माझी पुढची नोकरी खजिन्यात सुखाने झाली. तिथे मी एक नियम पाळला आणि नव्या पारख्यांनाही तोच सांगत आलो. नाण्याचा ग्रेड कुणालाही विचारा, चालेल. पण कुणी विश्वासाने काही डाकेत टाकायला दिलं, तर ते आपल्या हाताने टाकावं. मध्ये साहेब घालू नये.