वहिनीचा ठेका

लाँड्रीत बावीस वर्षं इस्त्री करून वहिनीच्या मनगटात भलताच जोर आला होता. नणंदेच्या रांगड्या रॉक बँडमध्ये ड्रम तीच बडवायची. पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग झालं आणि स्टुडिओवाला म्हणाला, "गाणी झकास आहेत, पण ताईंचा ठेका मध्येच पळतो. तिथे मशीनचा टाकू."

वहिनीचा चेहरा उतरला.

नणंद उसळली. "आम्ही चिडून गातो, दादा. चिडलेला माणूस घड्याळ बघतो का? हिच्या भाजीला मी रोज नावं ठेवते, पण हिच्या ठेक्याला कुणी ठेवायची नाहीत. तो काढलात तर माझा आवाजही पुसा!"

ठेका राहिला.

अल्बम आला तेव्हा वहिनीने तो लाँड्रीत मोठ्याने लावला आणि गिऱ्हाइकाला बजावलं, "हे ड्रम माझे. गाणं संपल्याशिवाय कपडे मिळणार नाहीत."