पागेचं छत

तंजावरला सरकारी नोकरीत ओव्हरसियर म्हणून लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. लवकरच जवळच्या एका खेड्यातलं, मराठा राजांच्या वेळचं छत्र तपासायचं काम माझ्याकडे आलं. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. पुढे दगडी खांबांची रुंद ओसरी, मधे चौक, आणि मागे घोड्यांची लांबलचक पागा. पागेला विटांच्या कमानी, भिंतीत घोडे बांधायच्या दगडी कड्या, वर सागवानी तुळयांवर चुना-विटांचं सपाट छत. त्या दिवशी शिडी मिळाली नाही. मी खालूनच पाहिलं आणि लिहून दिलं, 'पागा भक्कम.'

कार्तिकात वादळ आलं तेव्हा कालव्याच्या कामासाठी मी त्याच गावात होतो. भरदुपारी झोपड्यांची छपरं उडाली. लोक बायकापोरं, गुरं घेऊन छत्राकडे धावले. ओसरीत पाऊस आडवा येत होता, म्हणून मणियकाराने, म्हणजे गावच्या पाटलाने, सगळ्यांना पागेत घातलं.

"घाबरू नका," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या अय्यांनीच लिहून दिलंय, भक्कम आहे म्हणून."

मी वर पाहिलं. शेवटची तुळई भिंतीत शिरते तिथून ओला भुसा गळत होता. वाळवी. सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर एवढी माणसं खाली! तेवढ्यात चुन्याचा एक पोपडा एका पोरीच्या पाठीवर पडला.

"मी वर चढलोच नव्हतो! न बघता लिहिलं!" मी ओरडलो. भीतीने घरची मराठीच तोंडातून निघाली होती. कुणालाच काही कळलं नाही. गप्प बसायला अजून वाव होता. क्षणभर गप्प बसलोही. मग तेच तमिळमध्ये सांगितलं.

लोक शिव्या देत ओसरीकडे पळाले. एक म्हातारी मात्र हलेना. तिची गाभण म्हैस कडीला बांधलेली होती.

"पाट्टी, चला हो!" मी त्या आजीला म्हटलं.

"म्हैस इथे, तर मी इथे. भीती वाटत असेल तर तू जा, तंबी," ती धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाली.

भीती वाटतच होती. दाव्याची गाठ भिजून आवळली होती आणि माझी बोटं चालेनात. शेवटी म्हातारीनेच कमरेचा कोयता काढून दावं कापलं. मी मागून म्हशीला रेटलं. चौकात आलो तेव्हा मला ओकारी झाली.

छत त्या दिवशी पडलं नाही.

"उगाच भिजवलंत सगळ्यांना," मणियकार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर चढून पाहिलं. तुळईच्या टोकात माझं अख्खं बोट गेलं.

कचेरीत माझा नवा अहवाल वाचून साहेबांनी विचारलं, "मग पहिल्या खेपेला काय पाहिलंत?"

"काहीच नाही, साहेब."

पुढे वर्षभर मला नुसते नकाशे काढायला बसवलं. पागेला आधी ताडाचे टेकू लागले, आणि उन्हाळ्यात नव्या तुळया.