अर्धा सिनेमा

दुकानात मधल्या किमतीचा एक टॅब्लेट मी उलटसुलट करून बघत होतो. ऑफिसचं काम व्हावं आणि घरी सिनेमाही बघता यावा, एवढंच हवं होतं. विक्रेत्याने पडद्याचे दोन भाग करून दाखवले. एकीकडे सिनेमा, दुसरीकडे मेल.

"सर, दोन्ही एकदम!"

मी खूश झालो. शेजारी उभी असलेली बायको हळूच म्हणाली, "म्हणजे सिनेमालाही तू अर्धाच असणार."

मी हसलो, पण मग बोट एका जागी ठरेना. आवाज वाढवला, उजेड कमी केला, पुन्हा वाढवला. टॅब्लेटला नाव ठेवायला जागा नव्हती. एका वेळी एकाच ठिकाणी असणं मी कधी सोडलं, ते मात्र आठवेना.

"घे ना, आवडलाय तुला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.