अजून झालं नाही

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारच्या बाई प्रिंटरशी बोलतात. झाकणावर दोन टिचक्या मारायच्या आणि विचारायचं, "काहून रुसून राहिला बापा?" फॅक्टरीतून आल्यावर केलेला चहा निवून जातो, पण बाई उठत नाहीत.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स त्यांनीच टाकून दिलं. फुकटचं आणि झकास, फक्त माझ्या जुन्या प्रिंटरशी त्याचं जमेना. चार ओळी छापल्या की पुढं नुसता काळा पट्टा. बाईंनी प्रिंटर घरी नेला, लिनक्समधली चूक शोधली आणि तो चालता केला. मी उचलायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. अजून झालं नाही."

"चालून तर राहिला!"

"तुमच्या घरी चालते. दुसऱ्याच्या घरी हाच प्रिंटर अडनच न?"

मग काय दुरुस्त केलं ते त्यांनी लिनक्स बनवणाऱ्यांना कळवलं, म्हणजे पुढच्या लिनक्समध्ये ते सगळ्यांसाठीच येईल. तिकडून प्रश्न यायचे, बाई पुन्हा पानं छापून बघायच्या. प्रिंटर माझा, आणि मी झेरॉक्सच्या दुकानात रांगेत! जाम चिडलो होतो.

परवा बाई आणि मी आसगावच्या शाळेत गेलो. माझा साळा तिथं मास्तर आहे. शाळेत नवं लिनक्स, आणि प्रिंटर माझ्या प्रिंटरसारखाच. साळ्यानं वायर जोडली, स्वच्छ पान बाहेर आलं.

"याले काहीच करा लागत नाही भाऊजी," तो कौतुकानं म्हणाला, "आपोआप चालते."

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी झाकणावर दोन टिचक्या मारल्या.

"हो न," त्या म्हणाल्या, "आपोआपच चालते. आता झालं."