भिंतीची आतली बाजू

मेलेली माणसं स्वप्नात येतात ती जिवंतांना पलीकडचं काही गूढ सांगायला. माझे बाबा आले आहेत ते बांधकामाची तक्रार घेऊन.

रविवारची दुपार. पोटात वरण-भात, हातात कोरा कागद, डोळे अर्धे मिटलेले. आमच्या कोळसा खाणीचं संग्रहालय परवा उघडणार आहे. ज्याचं लिहिलेलं छापून येतं असा गावात मी एकटाच, म्हणून पाट्यांचा मजकूर माझ्याकडे. एकच पाटी राहिली आहे. खाणीत आग लागली तेव्हा तिची हवा तोडायला बोगदा विटांनी बंद केला होता. आत सात माणसं राहिली. त्यांत बाबा. तशीच भिंत आता संग्रहालयात बांधली आहे, आणि फीत माय कापणार आहे. इतकी वर्षं ती भेटेल त्या साहेबाला एकच विचारते: भिंत घातली तवा ते जित्ते होते का? साहेब म्हणतात, नाही, लगेच गेले.

मी पलंगावरून उठत नाही, तरी संग्रहालयात उभा आहे. बाबा गमबुटांत, वयानं माझ्याहून लहान. भिंतीवरून हात फिरवतात.

"कोनं बांधली बे हे?"

"ठेकेदारानं."

"मस्त गुळगुळीत केली. तुह्या सासऱ्याचा बंगला हाय का?"

"बाबा, तुमी बरे आहा ना?"

"मेलेला मानूस बरा कायचा रायते? तूच टकला झाला."

भिंतीमागे आमचं स्वयंपाकघर आहे. माझा दंड धरून बाबा पाटावर बसतात. पाट ओला. वरून पाणी ठिबकतं आहे. छप्पर खाणीचं आहे.

"भिंतीत चुकलं काय पन?"

"मिस्त्री जिकडं उभा रायते, तेवढीच बाजू साफ करते. पलीकडून शिमिटाचा मसाला तसाच लोंबते, विटेविटेतून. बोट लावलं का गार लागते."

थंड चुलीत बाबा उगाच फुंकर घालतात.

"बाबा, तुमी आतून पायली?"

त्यांची फुंकर थांबते. बोटं पँटला पुसतात.

"चहा नाही का बे मांडत कोनी इथं?"

"मायले काय सांगू?"

"लगेच गेले म्हन."

"तिले पटत नाही."

"साहेबाचं नाही पटत. तू लिवलं त पटते. तुह्यं छापून आलेलं सारं खरंच वाटते तिले."

हे खरं आहे. माझे विनोदी लेखसुद्धा ती बातमी म्हणून ऐकते.

"अन् मले जे समजलं, त्याचं काय करू?"

बाबा वर, ठिबकणाऱ्या छपराकडे बघतात.

"कोनातरी एकाले सांगाचं होतं रे."

डोळे उघडतात. माय चहाचा कप घेऊन दारात.

"झालं का लिवून?"

"झालं."

"वाच."

मी कोरा कागद समोर धरून वाचतो, "आग लागताच सातही कामगार तत्क्षणी मरण पावले."

ती कप धरून उभी राहते. चहावर साय धरते.

"बरं झालं," म्हणते, आणि कप खाली ठेवून जाते.

सदऱ्याच्या बाहीवर, दंडापाशी, चार काळी बोटं उमटली आहेत. घरामागेच कोळशाच्या मालगाड्या भरतात. आमच्या दोरीवर वाळणाऱ्या सगळ्याच कपड्यांवर असे डाग असतात.