अर्ध्या साइजचं गाणं

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर एक टपरीवाला मोबाइलमधली गाणी बारीक करून देतो. एमपीथ्रीची साइज अर्धी झाली की गिऱ्हाइकाच्या कानात इयरफोन खुपसतो आणि दरडावतो, "सांगा, फरक हाये का?" नसतोच. मग जुनी फाइल तिथल्या तिथे पुसतो.

फोन भरला म्हणून माझ्या गेलेल्या आईच्या आवाजातलं भात रोवण्याचं गाणं मी त्याच्याकडे नेलं. सूर तस्सेच वाजले. पण मधेच भाताच्या बांधीतून ती मला हाक मारते, ती हाक गायब.

"हाक कुठं गेली?" मी किंचाळले.

"काऊन चिल्लावून राह्यल्या, बाई? ते गाण्यातलं नव्हतं. फुकट जागा खात होतं, कापलं."

जुनी फाइल? पुसलेली. वर मेला पुन्हा इयरफोन पुढे करतो, "पण आवाजात फरक हाये का?"