वेटिंग रूमचा उंबरा

देवी आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवशी पडला, आणि मी तो गावदेवीलाच विचारला. लढाईच्या आधीची, इंग्रजी अमलातली गोष्ट. माझं गाव मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याशी. थोरली लेक शहापूरकडे दिलेली. ती तिथेच बाळंतपणात अडली, मी तिच्याजवळ गेले होते. बाळ पायाळू होतं. सुईणीने हात टेकले, कल्याणच्या दवाखान्यात न्या म्हणाली. जावयाने बैलगाडी जुंपली. वाटेत लेकीचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "बये, जल्मभर तुजी वटी भरली. आता नवस बोलायची नाय. तू हायस का? असशील तर ये."

स्टेशनात गाडीला अवकाश होता. वैशाखाचं ऊन, फलाटावर सावली नाही. एक खोली तेवढी होती, कुलूपबंद. काचेतून वेताच्या खुर्च्या दिसत होत्या. हमाल म्हणाला, ती वेटिंग रूम. म्हणजे काय, मी विचारलं. गाडीची वाट बघणाऱ्यांची खोली, पण वरच्या वर्गाची. तुम्ही कुंपणापलीकडे झाडाखाली जा. लेकीला पाऊल टाकवत नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"वाट आमी बघतोय. आत कोण बघतंय रे?"

लेकीला उंबऱ्याशी टेकवून मी दारात फतकल मारली. जावई घाबरून उठवायला आला, त्यालाही झिडकारलं.

तेवढ्यात टांग्यातून एक बाई उतरल्या. कल्याणच्याच दवाखान्यातल्या नर्स, इथल्या बड्या घरचं बाळंतपण उरकून निघालेल्या. तिकीट त्या घरानेच काढलेलं, वरच्या वर्गाचं. सकाळची गाडी चुकली म्हणून आपण देवाला बोल लावत होतो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. हमालाने त्यांच्यासाठी कुलूप काढलं आणि आम्हाला सरका म्हणाला. बाईंनी लेकीकडे पाहिलं.

"ह्या माझ्यासोबत आहेत," म्हणाल्या, आणि पुरुषांना बाहेर ठेवून दार लावलं.

त्या खोलीत नातू झाला. आधी पाय, मग बाकीचा. तो रडला तेव्हा मीही रडले. गाडी आली तशी गेली. बाईंनीही ती सोडली. मग कुणी सुटाबुटातले साहेब आत यायला निघाले, तर हमालच दारात आडवा झाला.

"जागा नाय, साहेब. आत बाळंतीण हाय."

साहेब उन्हातच उभे राहिले.

देवाला शरण जायचं म्हणजे कुणी ऊठ म्हटलं की उठायचं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. तशी उठले असते तर लेक झाडाखाली गेली असती आणि नर्सबाई आत खुर्चीत बसून राहिल्या असत्या. देवीचे उपकार मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण ती आली ती दार अडवून बसलेल्या बाईकडे, हे मी तिच्या देवळातही ठणकावून सांगते.